पाठ न टेकलेला पैलवान

आमच्या बीड जिल्ह्यात पैलवान पुष्कळ झाले, पण ज्याला जन्मात कुणी पाडलं नाही आणि ज्यानं जन्मात कुणाला पाडलं नाही असा एकच झाला, आणि तो माझा जोडीदार. ह्यावर कुणाला वाद घालायचा असेल तर त्यानं माझ्या दारात यावं. मी चौथी शिकलेला आहे, पण कुस्तीतलं मला कुणी शिकवू नये. जत्रेच्या फडावर ह्या गड्याची कुस्ती लागली की लोक उठून जायचे. समोरच्यानं डाव टाकायचा, ह्यानं तो मोडायचा. त्यानं दुसरा टाकायचा, ह्यानं तोही मोडायचा. हलगीवाला हलगी मांडीवर घेऊन तंबाखू मळत बसायचा, आणि शेवटी पंच कंटाळून दोघांचे हात धरून कुस्ती बरोबरीत सोडवायचे. युसूफ वडगावला एकदा एक म्हातारा ह्याच्या कुस्तीतून मधेच उठला, बाजारात जाऊन बैलाचा सौदा करून आला, आणि येऊन बघतो तर दोघं जिथं होते तिथंच, मान मानेला लावून उभे.

मी चौथीवाला आणि तो कॉलेजवाला, मग जोड कशी जमली, असं लोक विचारतात. त्या वेळी जिल्ह्यात नवं नवं कॉलेज निघालं होतं आणि त्याच्या तालमीचा वस्ताद माझ्या गावचा होता. कॉलेजच्या पोरांना सरावाला दणकट गडी पाहिजे म्हणून त्यानं मला नेलं. रोज पहाटे पोरांना अंगावर घ्यायचं आणि त्या बदल्यात मेसमध्ये दोन वेळा जेवायचं, एवढंच माझं कॉलेज. वर्गाचं तोंड मी बघितलं नाही आणि वर्गानं माझं. पण त्या तालमीत माझ्यासारखा चढाई करणारा दुसरा नव्हता, हे तिथला कुणीही सांगेल. हात मिळवला की मी आत. समोरच्यानं विचार करायच्या आधी त्याचे पाय माझ्या हातात असायचे. पाच मिनिटांच्या वर माझी कुस्ती कधी चालली नाही. एक तर तो पडायचा नाही तर मी.

आणि ह्या असल्या माझ्यापुढं वस्तादानं त्याला उभं केलं. पहिल्या दिवशी मी सतरा वेळा त्याचे पाय धरायला पटात शिरलो. सतरा वेळा ह्यानं पाय मागं टाकून छाती माझ्या मानेवर ठेवली आणि तिथंच पडून राहिला, ओल्या पोत्यासारखा. मी खाली घामानं निथळतोय, दात खातोय, आणि वरून हा शांतपणे विचारतो, "दमला का बे? पाणी पितो का?" अंगाची आग आग झाली. त्या दिवसापासून ह्याची पाठ एकदा तरी मातीला लावायचीच असं मी मनात धरलं. दोन वर्षं रोज धरलं. लागली नाही.

त्याचा हा बचाव नुसता मातीतला नव्हता. तो झोपायचासुद्धा पालथा. पाठ खाली लागलेली त्याला झोपेतही सोसत नसे, असं आम्ही म्हणायचो. पुढं उतारवयात पोटाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरनं उताणं झोपा म्हटल्यावर ह्यानं नम्रपणे सांगितलं की साहेब, बसूनच बघा. डॉक्टरनं बसूनच बघितलं. हॉटेलात गेलो तर हा कधी पहिल्यांदा काही मागणार नाही, सगळ्यांचं मागून झालं की पोऱ्याला म्हणायचा, "ह्यांचंच मला." एसटी आली की आम्ही खिडकीतून टोप्या टाकायचो, हा मात्र सगळ्यांच्या मागून सावकाश चढायचा आणि कसं कुणास ठाऊक, ह्याला जागा मिळायची. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी बरोबर होतो. मुलीच्या मामानं ह्याला तासभर प्रश्न विचारले, ह्यानं तासभर उत्तरं दिली, आणि उलटा एक प्रश्न केला नाही. शेवटी ती मुलगीच खालच्या मानेनं बोलली की तुम्हाला काही विचारायचं न्हाई का? हा म्हणाला, "तुमचं झाल्यावर." मामाला माणूस येडा वाटला, मुलीला बरा वाटला. आता पन्नास वर्षांच्या संसारानंतर तीच वहिनी सांगते की ह्यांच्याशी भांडायला बसलं की आपणच भांडतो, आपणच दमतो आणि आपणच उठून चहा टाकतो.

हे सगळं ऐकून हसू येतं, पण त्याच्या ह्या स्वभावावर एकदा सगळं घर टांगलं गेलं होतं, ते मला सांगायचं आहे.

मोठा दुष्काळ पडला. आमच्याकडं आधी विहिरी गेल्या, मग जनावरं गेली, मग माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामाला गेली. ह्याचा बाप आधीच वारला होता. आई आणि दोन बहिणी तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होत्या आणि तिथं खायला मिळणारी सुकडी फडक्यात बांधून घरी आणत होत्या. आईची कंबर गेली होती. पाटी डोक्यावर चढवायला ती दोघींना हाक मारायची आणि चढली की एकटी चालायची. ह्यानं कॉलेज सोडून कामावर यायचं ठरवलं होतं. आई येऊ देईना.

तेवढ्यात जिल्ह्यात नव्या निघालेल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमनला कुस्तीचा नाद लागला. कारखान्याला त्या वर्षी ऊस नव्हता, पण पैलवान पाहिजे होता. कॉलेजांच्या कुस्त्यांत एका ठरावीक वजनात जो पहिला येईल त्याला कारखान्याचा पैलवान म्हणून ठेवायचं ठरलं. नोकरी, राहायला खोली आणि रोज दोन शेर दूध. जागा एकच, आणि नेमकी ह्याच्या वजनाची. ही जागा मिळाली की आईच्या डोक्यावरची पाटी उतरते, हे आम्हाला दोघांनाही न बोलता कळलं.

अडचण एवढीच होती की कॉलेजच्या कुस्तीत बरोबरी नसते. तिथं घड्याळ असतं, गुण असतात, आणि जो नुसता बचाव करतो त्याला पंच ताकीद देतात. तीन ताकिदी झाल्या की कुस्ती गेली. म्हणजे ज्या विद्येवर हा जत्रेत अजिंक्य होता, तीच इथं गुन्हा. मी त्याला म्हणालो, "आता चढाई शिकायची. मी शिकवतो." तो म्हणाला, "कावून? ते आपण होऊन दमत्यातच की." मी त्याला चार शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला घेतलं.

मी त्याच्यासाठी एकच डाव निवडला. समोरचा अंगावर आला की त्याच्या खाली शिरायचं, त्याला खांद्यावर आडवा घ्यायचा आणि पाठीवर टाकायचा. ह्याला कलाजंग म्हणतात. ह्याची मांडी खांबासारखी होती, त्यामुळं उचलायचं काम त्याला महिनाभरात जमलं. टाकायचं जमेना, आणि त्यात दोष त्याचा नव्हता. तालमीची माती पाण्यावर, ताकावर जगते, आणि त्या वर्षी कॉलेजला प्यायचं पाणीच टँकरनं यायचं. प्राचार्यांनी कुस्तीच्या मातीच्या हौदाला पाण्याचा थेंब बंद केला होता. माती अशी झाली होती की कुदळ मारली तर ढेकळं निघायची. एका पोराचा खांदा निखळल्यावर वस्तादानं हुकूमच काढला की उचललेल्या गड्याला टाकायचं नाही. गुडघा वाकवून, डोक्याखाली हात देऊन हळू खाली ठेवायचं. मग काय, आठ महिने हा मला रोज उचलायचा आणि पाण्याची घागर उतरवावी तसा खाली ठेवायचा. वर विचारायचा, लागलं का. मी ओरडायचो की फडावर असं करू नको बे, तिथं आपटायचं. तो म्हणायचा, तिथं आपटतो की.

कुस्त्यांचा दिवस आला. कारखान्यानं टँकर ओतून माती भिजवली होती, तिचा वास आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीवर चेअरमन, बाजूला संचालक, भोवती दुष्काळातली माणसं, तोंडं उन्हानं करपलेली, पण कुस्ती म्हटल्यावर आलेली. पहिल्या दोन कुस्त्या ह्यानं कशाबशा काढल्या. समोरचे दोघंही ह्याला पाडता पाडता स्वतःच बाहेर गेले आणि गुण ह्याला मिळाले. शेवटची कुस्ती एका उंच, किडकिडीत पोराशी लागली. ते पोरगं दुसऱ्या कॉलेजचं होतं आणि माझ्यासारखं होतं, हात मिळवला की आत. हा मोडत राहिला. पंचांनी एक ताकीद दिली. मग दुसरी दिली. मी हौदाच्या कडेला गुडघ्यावर बसून बोंबलत होतो की उचल, उचल. शेवटचं मिनिट राहिलं होतं.

आणि ह्यानं उचललं. असं उचललं की मी स्वतः तसं कधी उचललं नसेल. ते पोरगं खांद्यावर आडवं, पाय हवेत, हलगी घुमायला लागली, माणसं उभी राहिली. आता नुसतं टाकायचं होतं. हा तसाच उभा राहिला. एक श्वास, दोन श्वास. मग त्यानं गुडघा वाकवला, पोराच्या डोक्याखाली हात दिला आणि त्याला कुशीवर अलगद मातीवर ठेवलं. पोरगं पालथं झालं आणि सुटलं. सगळा फड हसला, चेअरमनही हसले. पंचांनी तिसरी ताकीद दिली आणि त्या पोराचा हात वर केला.

मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. राग त्याचा नव्हता, माझा मला होता. ती सवय त्याच्या हाताला मीच लावली होती. तो कॉलेज सोडून तलावाच्या कामावर गेला, आईची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि दोन उन्हाळे वाहिली. पुढं पाऊस पडला, गावात दूध संस्था निघाली. तिच्या निवडणुकीत दोन्ही गटांनी ह्याला ओढायला रात्रंदिवस घर गाठलं. हा दोघांनाही चहा पाजत राहिला. शेवटी दोन्ही गट दमले आणि ह्यालाच बिनविरोध चेअरमन करून मोकळे झाले. वीस वर्षं तो तिथं होता. म्हणजे वाईट झालं असं नाही. पण ती कुस्ती माझ्या मनातून गेली नाही. जो भेटेल त्याला मी सांगत आलो की माझ्या जोडीदाराची नोकरी कोरड्या हौदानं आणि माझ्या शिकवणीनं घालवली.

परवाच्या उन्हाळ्यात त्याच्या ओसरीवर बसून मी हेच त्याच्या व्याह्यांना सांगत होतो. व्याही उठून घरी गेले. हा भिंतीला टेकून बसला होता. तिथूनच म्हणाला, "हौदाचं काय न्हवतं रे ते."

मी म्हणालो, मग कशाचं होतं?

"त्याला खांद्यावर घेतलं, तवा त्याचं पोट माझ्या कानाला लागलं. आत नुसतं पाणी वाजत हुतं. डुबुक डुबुक. वजन भरावं म्हणून पाणी पिऊन आलता. भाकरी न्हवती पोटात. माझ्या पोटात निदान मेसची हुती."

पन्नास वर्षं मी ज्या चुकीवर मालकी सांगितली ती माझी नव्हतीच. मी चिडून विचारलं की घरी आई पाट्या वाहत होती, ती नाही आठवली का?

"आठवली की. म्हणून तर दोन श्वास थांबलो. आईला त्याच दिवशी सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणली, मग जेवायला आणायचं हुतंस त्याला."

"आणि मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं?"

"तू इचारलंस कधी? तू सांगतच आलास."

वहिनी आतून चहा घेऊन आली, आमच्याकडं बघून पुन्हा आत गेली. मी विचारलं की त्या पोराचं पुढं काय झालं, ठाऊक आहे का. त्याला ठाऊक होतं. कपिलधारच्या जत्रेला गेला असताना वाट वाकडी करून हा एकदा कारखान्यावर जाऊन आला होता. ओळख दिली नाही, फाटकापलीकडून त्याला नुसतं बघितलं आणि परत फिरला. हे त्यानं वहिनीलाही सांगितलं नव्हतं.

"लई जाड झालाय आता," तो म्हणाला. दोन्ही हातांनी त्यानं हवेत मोठं पोट दाखवलं आणि इतका खूश होऊन हसला की त्याला खोकला आला. "आता न्हाई उचलायचा मला."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो, खोकला थांबेपर्यंत, आणि थांबल्यावरही थोडा वेळ.