उलट्या रिळांचा शेवट

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या कारखान्यातले माग एकेक करून थांबायला लागले. त्या खडखडाटात कुणी कुणाला ओरडून बातमी सांगत नाही. शेजारचा माग थांबला की माणूस मान वर करतो, समोरच्याचा चेहरा बघतो आणि आपलाही माग थांबवतो. मी वरच्या खोलीत चादरीची नक्षी काढत होतो. शेवटचा माग थांबला आणि मी पेन्सिल खाली ठेवली. आमचा विणकर नरसय्या त्या सकाळच्या ऑपरेशनमधून उठला नाही, हे मला जिना उतरायच्या आधीच कळलं होतं.

याला आता दीड महिना झाला, पण माग थांबले की अजून मी आधी जिन्याकडे बघतो.

नरसय्या आठवडाभर चादरी विणायचा आणि रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी चित्रपट बघायचा. तेही फक्त अंतराळातले, परग्रहांचे, नाहीतर भुताखेतांचे. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, इंग्रजीचा गंध नाही. पण सोमवारी जेवणाच्या सुट्टीत दहा-बारा जण डबे घेऊन त्याच्याभोवती बसत आणि तो अख्खी गोष्ट सांगे. त्याची मतं ठाम असत. "आपल्या पौराणिकातला राक्षस आधी हसतो. हसला की भ्या संपलं. त्यो परग्रहावरचा हसतच न्हाय, तितं खरी गंमत हाय." पौराणिकात हवेत दोन बाण समोरासमोर येऊन थबकले की तो वैतागायचा. "बाण हायत का बाजारात भेटलेले व्याही?" यान चकचकीत, नवंकोरं दिसलं की तो चित्रपट त्याच्या लेखी बाद. "वापरातल्या वस्तूला मळ पायजे की, मास्तर." मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही, पण कागद-पेन्सिल घेऊन बसतो म्हणून मी मास्तर.

मी मुळातच भित्रा. तरी त्याच्याबरोबर जायचो, कारण भीती वाटताना शेजारी न भिणारा माणूस असला की बरं वाटतं. तो कशालाच भीत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

गेल्या वर्षी एक चित्रपट आला होता. एक माणूस एकटा यानाबाहेर दुरुस्तीला उतरतो, त्याचा दोर तुटतो आणि तो काळोखात लांब लांब जात राहतो. संगीत नाही, आवाज नाही, नुसता त्याचा श्वास... आणि मग तोही नाही. शेवटची अक्षरं आली, लोक उठले, आणि पडद्यावर पुन्हा चित्र सुरू झालं. तोच माणूस आपल्या घरात, स्वयंपाकघरात बसलाय, बायको वाढतेय, तो हसतोय. लोक पुन्हा खाली बसले. बाहेर उन्हात आलो तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता. सोमवारी नरसय्यानं ती गोष्ट अशी सांगितली, "मरनाच्या पलीकडनं मानूस घरला जेवायला आला," की लोकांनी पुढच्या सोमवारी पुन्हा तीच सांगायला लावली.

महिन्याभरानं मी बहिणीकडे बार्शीला गेलो. तिथे तोच चित्रपट लागला होता म्हणून मेव्हण्याला घेऊन गेलो. तिथे स्वयंपाकघर आधी आलं. दोर नंतर तुटला. मग अक्षरं, मग दिवे लागले आणि लोक निघून गेले. मी मात्र खुर्चीतच बसून राहिलो. म्हणजे आमच्या थिएटरातल्या ऑपरेटरनं शेवटची दोन रिळं उलटी लावली होती. परत आल्यावर मी कुणाला बोललो नाही. सगळ्यांना आवडलेली गोष्ट, तिच्यात मी कशाला माती कालवू?

यंदा नरसय्याला दम लागायला लागला. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी, सोमवारी चारच्या सुमारास मी दवाखान्यात गेलो. नरसय्याची बायको, राजव्वा वहिनी, चहा आणायला खाली गेल्या होत्या. तो छताकडे बघत होता.

"मास्तर, गुंगी देत्यात म्हंजे मानूस जातो कुटं?"

मी म्हटलं, "त्या चित्रपटातला नाही का परत आला? तसा येशील."

त्यानं मान माझ्याकडे वळवली. "रिळं उलटी लागली व्हती, मास्तर. यानात पोशाख चढवताना त्याच्या सदऱ्याच्या बाहीची शिवन उसवली व्हती. घरात बसला तवा सदरा तोच, पन बाही धड. इनकराला एवडं दिसत न्हाय व्हय?"

"मग सगळ्यांना तसं का सांगितलंस?"

"त्यांना आवडलं की..." मग दाराकडे बघून, आवाज एकदम खाली आणून तो म्हणाला, "मला लई भ्या वाटतंय. हिला सांगू नका."

मी शब्द दिला. खरं सांगायचं तर त्या वेळी त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो. ज्याच्या जिवावर इतकी वर्षं अंधारात बसलो, तोच भीत होता.

गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत वहिनी त्याच्या वस्तू न्यायला आल्या. त्याच्या मागावर आता दुसरा विणकर आहे, पण शेजारच्या खिळ्याला त्यानं आपलं काही अडकवलेलं नाही. नरसय्याचा पंचा आणि काडीला सूत गुंडाळलेला चष्मा अजून तिथेच होते. मी दोन्ही काढून वहिनींच्या हातात दिले. त्यांनी चष्मा पंच्यात गुंडाळला, गाठ मारली, आणि मला विचारलं, "अन्ना, तुमाला काय बोलले व्हते का? भ्या वाटलं व्हतं का त्यांना?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "अजिबात नाही. चित्रपटाच्या गप्पा मारत होता."

त्यांनी मान हलवली. पुन्हा ती गाठ सोडली, पुन्हा मारली.

"मला बी त्यांनी तसंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "पन आत नेताना त्यांच्या मुठीतनं माजा हात सुटंना. नर्सबाईनं त्यांचं एकेक बोट सोडवलं."