सासऱ्यांची पाणबुडी

समुद्र एकदाही न पाहता समुद्राची एवढी काळजी वाहिलेला माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. मी त्यांना मामा म्हणे. शिरड शहापूरला त्यांची शेती. पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावचं तळं. पण महायुद्ध पेटलं, मी हिंगोलीहून आठवडाभर शिळी वर्तमानपत्रं नेऊन देऊ लागलो, आणि विमानं पाणबुड्यांची शिकार कशी करतात ते मामांनी एका अंकात वाचलं. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. पाणबुडी जर्मनांची की इंग्रजांची, ही चौकशी त्यांनी कधी केली नाही. तळ्यात बुड्या मारणाऱ्या इवल्या टिबुकली पाखरावर घार घिरट्या घालू लागली तरी ते घारीवर गोफण फिरवीत. "पाण्यातल्यावर वरून मारणं ह्यो मर्दपणा न्हाई, जावईबापू," एवढाच त्यांच्या युद्धशास्त्राचा पाया.

उपायही ते टिबुकलीकडूनच शिकले. बुडायचं एकीकडे आणि निघायचं भलतीकडे, हा पहिला. मडक्याला तुऱ्हाट्यांची मोळी बांधून मागे सोडून द्यायची, म्हणजे विमानवाला मडक्याशीच लढत बसेल, हा दुसरा. तिसरा मात्र अस्सल आमच्या मुलखाचा. पाणबुडीनं जवळ दोन पोती हळद बाळगावी आणि विमान दिसलं की पाण्यात सोडावी. "वरून पाहील तर खाली नुसतं पिवळं. आत काय हाय ते त्याच्या बापालाबी समजणार न्हाई!"

करून पाहिल्याशिवाय बोलणं त्यांना मान्य नव्हतं. एका सकाळी मामा सूपभर हळद घेऊन मळ्यातल्या विहिरीत उतरले. सासूबाई विमान झाल्या आणि ढेकळांची पाटी घेऊन काठावर उभ्या राहिल्या. मामांनी हळद सोडून डुबकी मारली. विहीर पिवळीधमक झाली. मामा भलतीकडे निघाले, आणि सासूबाईंचं पहिलंच ढेकूळ बरोबर त्यांच्या टाळूवर बसलं. तीस वर्षांच्या संसाराचा नेम होता तो.

"काहून एवढ्या जोरानं?" मामा कळवळले.

"विमान काय इचारून टाकतंय व्हय?"

मामा वर आले ते टेंगूळ घेऊन आणि थेट बोहल्यावर चढण्याच्या रंगात. मडकं सोडायचं राहिलं म्हणून नेम बसला, हे त्यांनी मला तीनदा समजावून सांगितलं.

मग ही सगळी विद्या त्यांनी चार पानांत उतरवली. पाकिटावर पत्ता घातला, 'दर्या खातं, मुंबई', आणि खाली लिहिलं, 'ज्याची पाणबुडी असेल त्यानं वाचावं.' ते टपालात टाकायचं काम जावयाकडे आलं. मी मास्तर माणूस. लढाईच्या दिवसांत असलं पाकीट टाकून पोलिसांची चौकशी कोण ओढवून घेणार? मी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि टाकलं म्हणून सांगितलं.

दोनेक महिन्यांनी भर दुपारी मामा हिंगोलीला माझ्या दारात उभे राहिले. पायी आले होते. फेटा सुटला होता. हातात माझा मेव्हणा नामदेव याचं पत्र होतं. तो मुंबईला गिरणीत आहे अशीच आमची सगळ्यांची समजूत होती. पठ्ठ्या मालाच्या जहाजावर स्वयंपाकी झाला होता. लिहिलं होतं, 'पाणबुड्यांची फार भीती आहे, पण वर आपलं विमान फिरत असतं, म्हणून आम्ही जिवंत आहोत.'

"जावईबापू, म्या माझ्याच लेकराचा घात करून ठेवला. ते पाकीट परत येतं का हो?"

मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदही झाला. मी आत जाऊन कोट आणला आणि खिशातलं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. मामांनी ते उलटून पालटून पाहिलं. खोटं बोललो म्हणून आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. ते तांब्याभर पाणी प्याले आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मी फाडून टाकू का?" मी विचारलं.

मामांनी पाकीट परत माझ्या हातात दिलं. "फाडू नका. त्या पाणबुडीतबी कोणाचं तरी लेकरू असंलच की. ठेवा. लढाई सरली की टाका."

त्यानंतर तळ्यावर घार आली की मामा गोफण खाली ठेवीत आणि तिला हात जोडीत. टिबुकलीकडे मात्र त्यांना बघवत नसे.

लढाई संपली. नामदेव धडधाकट घरी आला, नुसती पोळी जरा करपवायला शिकून. त्याला जेवायला वाढून मामा माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "आता टाका." आज मामा नाहीत. ते पाकीट कुठे पोचलं, कुणी वाचलं, देव जाणे. पण हिंगोलीला परतल्यावर शाळेत जाताना मी टपालपेटीपाशी थांबलो आणि हळदीचा डाग पडलेलं ते पाकीट खरोखर आत टाकलं.