मौनीवर चढलेली भेंडी

प्रमाणित करण्यात येते की, सदर व्यक्ती, लिंग स्त्री, बांधा मध्यम, चष्मा आहे, ओळखीची खूण उजव्या भुवईवर जुना व्रण, ही श्रवण-तपासणी या विषयात परदेशी विद्यापीठाची पदवीधर असून, समोरील इसमास ऐकू येते किंवा कसे, येत असल्यास किती, व न आल्यास सदर इसम सोंग करीत आहे काय, हे ठरविण्यास सर्वतोपरी पात्र आहे. वर्तणूक चांगली. गळा गोड असूनही गात नाही.

शेवटचं वाक्य अर्थात कुठल्या प्रमाणपत्रात नाही, पण नातेवाइकांना विचाराल तर ते तेवढं एकच सांगतील.

रुग्णालयात तिला कानवाल्या बाई म्हणतात. क्ष-किरण विभागाच्या मागे तिची खोली, आणि त्या खोलीत आणखी एक खोली. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड फेस लावलेला, मध्ये दुपदरी काच. दार लागलं की माणसाला स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं. रुग्णाने आत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे, हातात बटण धरायचं. बाई बाहेरून एकेक सूर सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं, मग बाईंच्या पुढ्यातला दिवा लागतो. नाही लागला तर बाई आवाज चढवतात, पुन्हा थांबतात. सगळ्या पायऱ्या संपल्या की कागदावर 'प्रतिसाद नाही' लिहून मोकळं व्हायचं. पण हे दोन शब्द लिहायला बाईंचा हात धजत नाही. त्या दिव्याकडे बघत बसतात. बाहेर रांग वाढते.

"बाई," दारावरचे शिपाईमामा म्हणतात, "तुमच्याकडे माणूस बहिरा नसला तरी म्हातारा होऊन बाहेर पडतो."

घरी तीच तऱ्हा. मुलगा आंघोळीला गेला आणि हाकेला ओ दिली नाही, तर दुसऱ्या हाकेला ही दारात हजर. "अगं, डोक्याला साबण लावलाय," तो आतून करवादतो. नवरा समजूतदार आहे. तो पेपर वाचतानाही मधूनमधून हुं हुं करत असतो. लग्नाच्या बसमध्ये भेंड्या सुरू झाल्या की ही ड्रायव्हरशेजारी जाऊन बसते. बस लागते, म्हणते. घाट नसला तरी लागते.

वीसेक वर्षांपूर्वी परदेशात शिकत असताना हिचं नाव रेडिओ होतं. वर्गात आपली भाषा बोलणारे तिघंच. कॅप्टन, म्हणजे ज्याच्याकडे कायम नकाशा असायचा आणि म्हणून आपल्याला रस्ता कळतो असं ज्याला वाटायचं तो. दुसरा मौनी, जो हजेरीलाही नुसता हात वर करायचा. आणि ही. सुट्टीत तिघं उसने बूट घालून तिथल्या डोंगरांत भटकायला गेले. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी खिंडीकडे चढताना धुकं उतरलं, असं की स्वतःचे बूट दिसेनात. वाट अरुंद, एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला काय आहे ते दिसत नव्हतं, आणि तेच बरं, असं कॅप्टन म्हणाला.

शहाण्या माणसांनी एकमेकांना दोरी बांधली असती. यांनी भेंड्या लावल्या. एकमेकांचा आवाज सुटायला नको, म्हणून. कल्पना रेडिओची. पुढे कॅप्टन, मध्ये ती, मागे मौनी. आणि काय नवल, मौनी गायला लागला. बऱ्यापैकी सुरात, न थांबता. भल्याभल्या अक्षरांना तो हार जाईना. शेवटी हिने लबाडी केली. ओळ मध्येच तोडली आणि 'गाठ'वर आणून सोडली.

"घ्या मौनीबाबा, ठ आला."

मागून काही आलं नाही.

"अडला रे अडला," कॅप्टन म्हणाला. एका वळणावर दोघं थांबली. कॅप्टनने मोठ्याने आकडे मोजले, हिने त्यात सूर मिसळला. दहा झाले. "मौनीवर भेंडी चढली हो," दोघं ओरडली आणि पोट धरून हसली. मग कॅप्टनने उदार होऊन पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. दोघांनी चॉकलेट खाल्लं, मौनीचा तुकडा वेगळा ठेवला. माणूस मुळातच न बोलणारा. त्याच्या गप्प बसण्याचं कोणाला काय वाटणार? बऱ्याच वेळाने हाका सुरू झाल्या.

तो वळणाच्या अलीकडेच, दोन मजले खाली, एका कपारीत सापडला. तिथल्या लोकांनी वर काढला तेव्हा जीव नव्हता. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ शुद्धीत असावा. छातीला मार आहे, ओरडता आलं नसेल. पाठीवरची पिशवी त्याने सोडवून डोक्याखाली घेतली होती.

घरच्यांना कळवलं ते असं: धुकं होतं, पाय घसरला, काही कळलंच नाही. त्यात खोटं अक्षर एकही नव्हतं. एक अक्षर फक्त गाळलं होतं.

आणि इतकी वर्षं ती एका गोष्टीवर तगून होती. मौनी अडला होता. दोघं हसत होती तेव्हा तो वाटेवरच उभा होता, ठवरून काही आठवतं का बघत. पडला तो नंतर, हाका ऐकून घाईने निघाला तेव्हा. म्हणजे खाली पडून त्याने ऐकल्या असतील तर त्या हाका. त्याच्या नावाने मारलेल्या.

परवा मौनीचे वडील तपासणीला आले. एकटेच.

"कमी ऐकू येतं का, काका?"

"मला कुठे? ही म्हणते. म्हणते, मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. त्याची तपासणी असते का तुमच्याकडे?"

"त्याला अजून यंत्र निघालं नाही."

काका आत बसले. एकही सूर त्यांनी सोडला नाही. पोरासोरांना चुकतात ते बारीक सूरही टिपले. तिने माइक सुरू केला. "झालं काका, या बाहेर."

काका उठले नाहीत. काचेपलीकडून त्यांचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये आला. "थोडं बसू दे पोरी. तुला विचारायचं होतं. हिच्यासमोर काढता येत नाही विषय. शेवटी काय बोलला गं तो?"

तिचं बोट माइकच्या बटणावरच होतं.

"बोलला नाही, काका. आम्ही भेंड्या खेळत होतो."

"तो गात होता?"

"हो."

"सुरात?"

"सुरात."

काका हसले. "मग?"

"मग त्याची पाळी आली आणि तो अडला. आम्हाला वाटलं, आठवतोय. आम्ही हसत होतो, काका."

"खेळात हसतातच की. अडला कशावर?"

"ठवर."

काकांनी एक कान मोकळा केला. "ठवर? छे. अगं, दिवे गेले की आम्ही घरात भेंड्या खेळायचो. ठची तीन गाणी राखून असायची त्याच्याकडे, आईने शिकवलेली. समोरच्याचं तोंड मिटायच्या आत सुरू करायचा. त्याची ताई तर रडायची."

"विसरला असेल."

"डबा विसरायचा, छत्री विसरायचा. ठ नाही विसरायचा." ते उठले. चेहरा खुलला होता. "म्हणजे मजेत होता. बरं झालं सांगितलंस. हिला सांगतो आज. आणि तो कागद दे, दोन्ही कान ठणठणीत म्हणून. दाखवायला होईल."

तिने कागद लिहून दिला. शिपाईमामांनी पुढचं नाव पुकारलं. पुढचा माणूस आत जाऊन बसला, त्याने हेडफोन लावले, बटण हातात घेतलं आणि काचेतून तिच्याकडे बघत राहिला.

परदेशातल्या त्या वर्गात पहिल्या महिन्यात सगळ्यांनी सरावासाठी एकमेकांचे कान तपासले होते. मौनीचे हिने तपासले होते. दोन्ही उत्तम होते.