बघायला येणारी माणसं

अपघातातून वाचलेल्या माणसाला घरी जाऊन बघायचं, ही आपली रीत. त्या बघायला येणाऱ्यांचा मला अजून संताप येतो. सगळ्यांत जास्त माझाच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझी धाकटी बहीण चांदवडला शाळेत शिकवायची. घरी परतताना घाटात तिची जीप उलटली. शेजारी बसलेली बाई तिच्या मांडीवरच गेली. बहिणीचा हात मोडला होता, तो जुळला. पण आमच्या शहरातल्या द्वारका चौकात ट्रकचा हॉर्न वाजला की ती भर रस्त्यात मटकन खाली बसायची. रजा संपत आली होती. गाडीत बसणं जमलं नाही तर नोकरी जाणार होती.

घरी मात्र द्राक्षांचे पुडे घेऊन माणसं येतच होती.

"काय गं, ती बाई तुझ्या मांडीवरच गेली म्हनं?" आत्या चहाआधीच विचारायची. "काही बोलली का?"

बहीण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. मग मीच म्हणायचो, "सांग ना गं, आत्या एवढ्या लांबून आलीय." बोललं की मन मोकळं होतं, हे माझं शहाणपण! ती अडली की पुढचं मी सांगायचो, रंगवून. पाहुणे गेले की ती जेवायची नाही.

शेवटी डोळ्यांच्या हालचालींतून उपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. बहीण माझा हात सोडेना, म्हणून बाईंनी मलाही आत बसू दिलं.

"सगळं सांगायची गरज नाही," त्या म्हणाल्या. मी खाली बघितलं. "तो क्षण मनात धरा आणि माझ्या बोटांकडे बघा."

बोटं डावीकडून उजवीकडे जात, तिचे डोळे त्यांच्यामागे. मग थांबून बाई विचारत, "आता काय येतंय?"

"काच."

"बरं. तिथंच राहा." पुन्हा बोटं.

आत्या हे ऐकून खो खो हसली. "मग गाडीच्या वायपरपुढं बसव की तिला, फुकटात!"

सगळे हसले. प्लास्टरला कोणी हसलं नव्हतं. मन मोडलं की मात्र लोकांना चेष्टा सुचते!

बहीण जात राहिली. एकदा परतताना द्वारकेवर हॉर्न वाजला. ती दचकली, पण उभी राहिली. म्हणाली, "दादा, ती बाई आठवते. पण आता ती रोज नव्यानं मरत नाही."

रजा संपली त्या सकाळी मी तिला द्वारकेवर सोडायला गेलो. थांब्यावर ओळखीच्या एक काकू भेटल्या. "अगं, जीपमधली तूच ना? कसं झालं गं सगळं?"

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार, तोच बहीण म्हणाली, "काकू, माझी गाडी आली." आणि ती चढली. खिडकीशी बसली.

काकू माझ्याकडे वळल्या. "मग तुम्ही तरी सांगा."

मी सांगितलं नाही.