मेतकूट, मशीन आणि माझी चहाची पिशवी

"पाऊचवरच्या बाईचं मुंडकं पुन्हा उडालंय!" फोनवर नेने ओरडत होते. "तुमची गावडेबाई पाठवा. आत्ताच्या आत्ता!"

रिसीव्हर आमच्या साहेबांच्या कानाला होता, पण आवाज टेबलाच्या या बाजूला उभ्या असलेल्या मला स्वच्छ ऐकू येत होता. मिरजकर साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते मुंडकं मीच उडवलं होतं.

आधी हे मुंडक्याचं प्रकरण सांगते. ऐंशीच्या दशकात मी साकीनाक्याच्या एका लहान कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर होते. आम्ही पाऊच भरायची मशीन्स बनवायचो. छापील प्लास्टिकचा रोल एका बाजूने आत जातो, त्याची पिशवी होते, तिच्यात माल पडतो, तोंड सील होतं आणि कटर पिशवी कापतो. कुठे कापायचं हे मशीनला कळावं म्हणून रोलवर ठरावीक अंतराने एक काळा ठिपका छापलेला असतो. एक छोटा बल्ब त्या ठिपक्यावर उजेड टाकतो आणि समोरचा सेन्सर बघत बसतो. काळं दिसलं की कटर खाली. ह्या बल्ब-सेन्सरच्या जोडीला आम्ही 'आय' म्हणायचो, म्हणजे मशीनचा डोळा.

मुलुंडच्या नेन्यांचा मेतकुटाचा कारखाना होता. त्यांच्या पाऊचवर एक हसरी बाई गरम भाताचं ताट घेऊन उभी होती. आमच्या मशीनचा डोळा चुकला की कटर तिच्या गळ्यावरून फिरायचा. मग एका पाऊचवर नुसती साडी आणि ताट, आणि खाली पुढच्या बाईचं हसरं तोंड. नेने म्हणायचे, "अहो, गिऱ्हाईक मेतकूट मागतं, खुनाचा पुरावा नाही."

मशीन बसवून झालं होतं, पण नेन्यांनी पास केलं नव्हतं. त्यांच्यासमोर एक तास सलग चालायचं, एकही पाऊच चुकता कामा नये, अशी अट होती. नाहीतर मशीन परत. आणि मशीन परत म्हणजे मीही परत, कारण माझं प्रोबेशन चालू होतं. मिरजकर साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मिस गावडे, नेने पास तर तुम्ही कन्फर्म. नेने नापास तर मी काही करू शकत नाही." बाबांची गिरणी बंद पडली होती, धाकटा भाऊ शिकत होता. अंधेरीचं आमचं घर माझ्या पगारावर उभं होतं. मला रात्री स्वप्नातसुद्धा ती बिनमुंडक्याची बाई दिसायची.

आता माझ्या पिशवीबद्दल. मी कुठेही टूरवर गेले की स्वतःचा चहा घेऊन जायचे. चैन म्हणून नव्हे हो! गावोगावच्या कारखान्यांत जो चहा मिळायचा तो चहा नव्हताच, सकाळपासून उकळत ठेवलेला साखरेचा पाक होता तो. पहिल्याच टूरवर मी तो प्यायले आणि दोन दिवस पोट धरून बसले. तेव्हापासून माझी एक कापडी पिशवी तयार असायची. तिच्यात चहापावडर, दुधाची पावडर, ओल्या फडक्यात गुंडाळलेला गवती चहा, आल्याचा तुकडा, चिमुकली किसणी, गाळणं, झाकणाचं स्टीलचं भांडं आणि एक हीटर रॉड. रॉड म्हणजे पाण्यात बुडवून प्लगला लावायची सळई. पाणी झटकन उकळतं. फक्त एकच पथ्य, रॉड पाण्याबाहेर चालू राहिला की जळतो.

आमचा स्टोअरकीपर शिर्के मला चिडवायचा, "मुलुंडला चाललीस की काशीला? बिऱ्हाड कशाला घेतलंयस?" आणि घरून निघताना बाबा दारातून विचारायचे, "बाये, चायची पिशवी घेतलंस मा?" टूलबॅग घेतलीस का, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

माझी कामाची पद्धत ठरलेली होती. पार्टीकडे पोचायचं, मशीनशेजारचा प्लग शोधायचा, रॉड पाण्यात सोडायचा, स्विच ऑन. मग टूलबॅग उघडायची. मीटर लावायचं, व्होल्टेज बघायचं, एकेक तपासायला घ्यायचं. तोवर पाणी उकळतं. यात काही चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? मलाही नव्हतं वाटत.

नेन्यांकडे मी गेले की दर वेळी तेच. रॉड लावला, मीटर लावलं, काटा दोनशे तीसवर. उत्तम. मशीन सुरू केलं, झकास! बाई अख्खीच्या अख्खी बाहेर. मग मशीन थांबवून मी चहा घेत घेत नट-बोल्ट आवळायचे, डोळ्याची काच पुसायचे, पिशवी भरायचे, निघायचे. मी साकीनाक्याला पोचायच्या आत नेन्यांचा फोन येऊन गेलेला असायचा.

"मशीनचं तुझ्यावर मन बसलंय," शिर्के म्हणाला.

"तुझ्या तोंडावर बसवू का पाना?" मी म्हटलं. अशा वेळी माणसाला विनोद सोसत नाहीत.

नेने मात्र बारीक लक्ष ठेवून होते. एकदा ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पंचाहत्तरीचे, पांढरी बंडी, नाकावर चष्मा. "गावडेबाई, मला कळलं. तुमचा चहा चालू असतो ना, तेव्हाच मशीन नीट चालतं."

"काका, मशीन आणि चहाचा काय संबंध?"

"आल्याची वाफ," नेने गंभीरपणे म्हणाले. "सर्दी झालेल्या माणसाला लागू पडते, मशीनला का नाही?"

मी हसून घेतलं. डिप्लोमा झालेली इंजिनीअर मी, वाफाऱ्यावर कशी विश्वास ठेवणार? पण नेने हट्टाचे. मी गेल्यावर त्यांनी मशीनशेजारी गॅसची शेगडी मांडली आणि भरपूर आलं घालून चहा उकळला. बाईचं मुंडकं उडालंच. मग त्यांनी माझ्या ब्रँडची पावडर आणवली. मग गवती चहा. मग बायकोला घरून बोलावून तिच्या हातचा चहा. शेवटी पाऊच मोजणाऱ्या मंदाताईंनी निकाल दिला, "काका, चहात काय नाय. त्या पोरीच्या हाताला गुण आहे." दुसऱ्या खेपेला गेले तर मशीनवर झेंडूचा हार, आणि माझ्यासाठी खुर्चीवर उशी.

हे सगळं नेन्यांनी फोन करून मिरजकर साहेबांना सांगितलं. साहेबांचं डोकंच फिरलं.

"मिस गावडे, तुम्ही पार्टीकडे चहाचं दुकान मांडता?"

"दुकान नाही सर, एक कप."

"आधीच लेडी इंजिनीअर म्हटलं की लोक भुवया उंचावतात. त्यात तुम्ही गेल्या गेल्या चहा टाकायला बसता! लोकांना वाटतं आम्ही चहावाली पाठवली!"

हे मला झोंबलं. कारखान्यांतले पुरुष "मॅडम, आमचापण टाका" म्हणायचे, तेव्हा मी सरळ सांगायचे, "माझा मी करते, तुमचा तुम्ही करा." आजवर एकालाही कपभर दिला नव्हता. पण प्रोबेशनवरच्या माणसाने किती बोलावं?

"फायनल ट्रायलला मी स्वतः येणार," साहेब म्हणाले, "आणि ती पिशवी येणार नाही."

ट्रायलच्या सकाळी मी पिशवी घेऊनच ऑफिसात पोचले. हाताची सवय! साहेबांनी ती काढून घेतली, स्वतःच्या फियाटच्या डिकीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात. तशीच आमची वरात मुलुंडला गेली.

नेने हातात घड्याळ घेऊन उभे. मंदाताई आणि बाकीच्या बायका पदर खोचून तयार. मशीन सुरू केलं. पहिला पाऊच पडला, मुंडकं नाही. दुसरा, मुंडकं नाही. तिसऱ्यात तर बाईचे दोन अर्धे चेहरे.

"चहा कुठाय?" नेन्यांनी विचारलं.

"अहो नेनेसाहेब, हे टेक्निकल काम आहे," मिरजकर म्हणाले. "चहाचा काही..."

"चहा टाका, नाहीतर मशीन उचला!"

मला रडू कोसळायचं बाकी होतं. हात रिकामे, कपाळ तापलेलं. काहीतरी करायचं म्हणून मी मीटर काढलं आणि मशीनच्या प्लगला लावलं. काटा सरळ दोनशे सत्तरवर गेला. मी मीटरला टिचकी मारली. दोनशे सत्तर. एवढ्या व्होल्टेजला डोळ्याचा बल्ब इतका प्रखर पेटतो की काळा ठिपकासुद्धा सेन्सरला उजळ दिसतो. मग कटर आंधळ्यासारखा कुठेही पडणार. पण इतके दिवस दोनशे तीस दाखवणारं मीटर आज असं का करत होतं?

एवढ्यात बाहेर गाडीकडे गेलेले मिरजकर साहेब परत आले. एका हातात डिकीची किल्ली, दुसऱ्या हातात माझी कापडी पिशवी, आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"टाका," ते दात आवळून म्हणाले. "चहा टाका."

मीटर तसंच लावलेलं ठेवून मी रॉड पाण्यात सोडला आणि स्विच ऑन केला. माझ्या डोळ्यांदेखत काटा खाली आला. दोनशे तीस! मशीनने अख्खी बाई बाहेर टाकली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी चहाच्या आधी मीटर लावलं होतं. तोपर्यंत दर वेळी मी आधी रॉड लावून दुखणं बरं करत होते आणि मग रोगी तपासत होते. रोगी ठणठणीत!

नेन्यांनी घड्याळ सुरू केलं. एक तास. रॉड चालू ठेवायचा तर भांड्यात पाणी हवं, आणि नेने नुसतं पाणी उकळू देईनात. "जे चाललंय त्यात बदल नको. चहाच पाहिजे. आल्याचा." मग काय, भांडं उकळलं की मी अर्धं दुसऱ्या पातेल्यात ओतायचे, पावडर टाकायचे, गाळायचे, भांड्यात पुन्हा पाणी. तो चहा पिणार कोण? सगळे! मंदाताई प्यायल्या, बायका प्यायल्या, हमाल प्यायले, शेजारच्या गाळ्यातले वेल्डर येऊन पिऊन गेले. नेन्यांना पित्ताचा त्रास, तरी मशीनला राग येऊ नये म्हणून तेही घोट घोट घेत होते. आणि मिरजकर साहेब स्वतःच्या हाताने आलं किसत होते. पार्टीकडे चहाचं दुकान अखेर मांडलं गेलं होतं, आणि गल्ल्यावर साहेब होते.

माझं लक्ष मात्र वर भिंतीकडे लागलं होतं. तिथे एक बल्ब फटकन उडाला. "हे नेहमीचंच," नेने म्हणाले. "हल्ली बल्ब टिकतच नाहीत. कंपन्या चोर झाल्यात."

बल्ब टिकत नाहीत, आणि दुसऱ्या लाइनवर मेतकूट दळणारे ग्राइंडर सारखे चालू. कारखान्यात वीज तीन फेजमधून येते आणि त्यांची परतीची वाट एकच असते, तिला न्यूट्रल म्हणतात. तीन भावांना एकच पांघरूण समजा. मधली गाठ घट्ट असेल तर तिघांना सारखं मिळतं. गाठ सुटली की जो जास्त ओढ लावतो त्याला कमी मिळतं आणि गप्प पडलेल्याच्या अंगावर सगळा ढीग येतो. आमचं मशीन गप्प पडलेल्या फेजवर होतं. माझ्या रॉडने त्या फेजवर ओढ लावली की हिशेब बरोबर व्हायचा, एवढंच.

मी भिंतीवरच्या मेन बोर्डाचं झाकण काढून आत बॅटरी मारली. न्यूट्रलचा स्क्रू सैल, भोवती काळं पडलेलं. सुटला असता तर मशीन, पंखे, दिवे, सगळ्याला आग. आणि खाली या बायका बसलेल्या.

"सर, मेन बंद करायला हवा."

साहेब किसणी घेऊन धावत आले. "वेड लागलंय का?" ते कानाशी पुटपुटले. "अर्धा तास झालाय. चालत्या मशीनला हात लावू नका. सही होऊ दे, मग बघू."

"न्यूट्रल जळतोय सर."

"तुमचं कन्फर्मेशनही जळेल!"

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? बाबांचा चेहरा समोर आला, भावाची फी आठवली. मग मंदाताई दिसल्या, बोर्डाच्या बरोब्बर खाली बसून चहात बिस्कीट बुडवणाऱ्या. मी मेन खाली ओढला.

सगळं थांबलं. पंखे, ग्राइंडर, मशीन, रॉडची बुडबुड. नेने किंचाळले, "वाट लावलीत! ट्रायल बाद!" साहेब स्टुलावर बसले.

मी तार साफ केली, स्क्रू आवळला, झाकण लावलं. मेन वर केला. रॉड प्लगमधून काढून सगळ्यांना दिसेल असा हातात धरला आणि मशीन सुरू केलं. बाई अख्खी. पुन्हा अख्खी. मी म्हटलं, "काका, घड्याळ लावा. पहिल्यापासून एक तास. बिनचहाचा."

तासभर मशीन सलग चाललं. एकही मुंडकं उडालं नाही. नेन्यांनी सही केली, पण पेन खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "एक अट आहे. तो रॉड इथेच ठेवून जा."

"काका, तो स्क्रू सैल होता! चहाचा काही संबंध नाही!"

"असेल, असेल," नेने मला समजावत म्हणाले. "पण उगाच मशीनची सवय कशाला मोडायची?"

मी रॉड ठेवून आले. साहेबांच्या फियाटमधून आम्ही साकीनाक्याला परतलो. उतरताना साहेब म्हणाले, "मिस गावडे, तुम्ही कन्फर्म. पण पुन्हा माझं ऐकायचं नसेल तर आधी सांगत जा." मी तिथेच, भर रस्त्यात, रडले. घरी गेल्यावर बाबांनी पिशवी उघडून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "रॉड खंय गेलो?"

पुढच्या महिन्यापासून कंपनीच्या प्रत्येक सर्व्हिस इंजिनीअरला स्टोअरमधून पाना, स्क्रूड्रायव्हर, मीटर आणि एक हीटर रॉड मिळू लागला. हुकूम मिरजकर साहेबांचा. शिर्के तो देताना प्रत्येकाला बजावायचा, "आलं स्वतःचं आणायचं."

मी निवृत्त होईपर्यंत टूरवर स्वतःचा चहा नेला. फक्त क्रम बदलला. आधी मीटर, मग चहा. नेन्यांकडे पुढे कित्येक वर्षं मेंटेनन्सला जात होते. मशीन कधीच चुकलं नाही. शेजारी माझ्या रॉडवर भांडं उकळत असायचं, त्याला झेंडूचा हार असायचा, आणि तो चहा प्यायची हिंमत कुणाचीच नव्हती.