कंबरपट्टीतली लाल फुली

मर्डिना गिलीस दुकानात बसून कायम नाक मुरडायची. मालक फार्करच्या पाइपाचा वास तिला नको, ओल्या लोकरीचा नको, आणि उन्हाळ्यात आमच्या डिंगवॉल गावाला येऊन मिठाच्या लापशीवर साखर मागणारे पाहुणे तर नकोच नको. पण सगळ्यात जास्त किळस तिला न जुळलेल्या चौकड्यांची. रस्त्यात कुणाची शिवण चुकलेली दिसली, की ती तोंड फिरवून पलीकडच्या बाजूने जायची.

जुन्या धाटणीची चौकड्यांची तुमान, आमच्याकडची ट्रूज, शिवणारी गावात ती एकटीच उरली होती. कापड तिरकं धरून बेतायचं. पायाच्या बाहेरच्या अंगाला शिवणच नाही; असते ती मागे, आणि दोन्ही पाय जुळतात तिथे रेघेला रेघ, रंगाला रंग भिडला पाहिजे. काम मनासारखं झालं, की कंबरपट्टीच्या आत ती लाल धाग्याची एक फुली घालायची. चाळीस वर्षांत फुलीवाचून तिच्या हातून एकही तुमान गेली नव्हती.

बेतणारा मी. लढाईनंतर कापडाचं रेशन नुकतंच उठलं होतं, तेव्हा वरच्या खोऱ्यातले जमीनदार टॉरक्विलसाहेब लेकीच्या लग्नासाठी तुमान शिवायला टाकून गेले. कापड तुटपुंजं. मी दुसरा पाय उलटा मांडला, ताटलीत हेरिंग मासे एकाच्या डोक्याला दुसऱ्याची शेपटी लावून मांडतात तसा, आणि कात्री चालवली. त्यांच्या चौकड्यात वरून खाली हिरवा, मग निळा, मग लाल. कापड उलटं झालं, की क्रमही उलटतो, आणि मागच्या शिवणीत रंगाला रंग भिडत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आळस केला, आणि वर गप्प बसलो. आठवलं की अजून स्वतःचीच शिसारी येते.

मर्डिनाने तुमानीचे दोन्ही पाय टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि हात एप्रनला पुसले.

"अलपिन, हे तू कापलंस?"

कापड कमी होतं, मी म्हणालो.

"आणि तोंड? तेही कमी पडलं होतं सांगायला?"

नवं कापड यायला तीन आठवडे लागणार, लग्न शनिवारी. मागून कोण बघतंय, शिवून टाक, असं फार्करने तिला बजावलं. फुलीवाचून तुमान गेली तर उद्यापासून येऊ नकोस, हेही सुनावलं. गिऱ्हाइकं आधी फुली बघायची. फुली घातली असती तर तिच्या चाळीस वर्षांवर पाणी पडलं असतं. तिने तुमान शिवली, आणि कंबरपट्टी कुणाला न दाखवता कागदात बांधून दिली.

सोमवारी टॉरक्विलसाहेब खुशीत दुकानात आले. इतकी बेतशीर तुमान जन्मात घातली नव्हती म्हणाले.

"फुली शोधली, तर नाव सापडलं. लाल धाग्यात, अख्खं. तुमच्यात अलपिन रॉस कोण?"

मर्डिनाने मान वर न करता सुई माझ्याकडे रोखली. "हा. करामत सगळी याचीच."

त्यांनी सगळ्यांदेखत माझा हात दाबला. फुली नव्हती, तरी फार्करला तिला काढायला जागाच उरली नाही.

पुढची वीस वर्षं साहेब प्रत्येक लग्नाला तीच तुमान घालून आले, कंबरपट्टी उलटून लोकांना माझं नाव दाखवत राहिले. आणि मी त्यांच्या मागे उभा राहून ती न जुळलेली शिवण बघत राहिलो.