बंद खोली, चालू पंखा

कोरियातल्या गुन्सान शहरात, आमच्या बाजारात मालसुनकाकूंचं इस्त्रीचं दुकान आहे. पन्नाशी उलटल्यावर बाईंनी मनात घेतलं, मोठ्यांच्या शाळेत जायचं. त्यांचा नवरा, दोक्पालकाका, नाकातून हसला. म्हणे, आधी बाजाराच्या जत्रेतली प्रश्नांची शर्यत जिंक, मग शाळाबिळा बघू.

काकूंनी तेवढंच धरून ठेवलं. रेडिओ लावून त्या घोकायला लागल्या. एका शर्टाला पर्वत, दुसऱ्याला राजे. लोकांचे कपडे शिकून परत जायला लागले.

जत्रेत मैदानावर रेघ मारली. एका बाजूला गोल, दुसरीकडे फुली. खरं वाटलं तर गोलात पळायचं, खोटं वाटलं तर फुलीवर. चुकला तो बाद. बाजाराचे अध्यक्ष कोसाहेब एरवी सुकी मासळी विकतात, पण माईक हातात आला की फर्मान काढल्यासारखे खाकरतात. बेक्दू हा कोरियातला सगळ्यात उंच पर्वत, हे झालं, आवाज हवेपेक्षा पाण्यात जलद पळतो तेही झालं. निम्मा बाजार बाद. काकू आत.

मग अध्यक्ष खाकरले. "दारं-खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून झोपलेला माणूस पंख्यामुळे मरतो."

हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. सगळे डुलत डुलत गोलात गेले. फुलीवर एकट्या काकू.

"यंजूची आई, इकडे ये. लाज घालवशील," कडेला उभे असलेले काका, नेहमीसारखी लेकराच्या नावानं हाक मारत, कुजबुजले.

"उन्हाळाभर दुपारी दुकानामागच्या खोलीत तशीच झोपलेय मी."

काका पांढरे पडले. अध्यक्षांनी कागद पाहिला. उत्तर गोल, काकू बाद.

काकू जागच्या हलल्या नाहीत. पंखा हवा हलवतो, खात नाही, म्हणाल्या, आणि अध्यक्षांचीच कचेरी उघडायला लावली. आत चटई टाकली, फटींना चिकटपट्टी लावली, पंखा तोंडावर घेतला आणि झोपल्या. सगळा बाजार काचेला चिकटला. आधी घोरणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

काकांनी काच बडवली. "यंजूची आई, ऐकतेस ना? जा शाळेत. वह्या मी आणतो. आधी बाहेर ये."

काकूंनी एक डोळा उघडला. "माईकवर सांगा."

काकांनी अध्यक्षांच्या हातून माईक हिसकावला आणि अख्ख्या बाजाराला सांगितलं, माझी बायको सोमवारपासून शाळेत जाणार. काकू उठल्या, पंखा आणखी जोरात केला आणि पुन्हा आडव्या झाल्या. अध्यक्षांनी निकाल अजून कुठे बदलला होता?